काळी आणि पांढरी : घर व शिवार यांचा जमाखर्च

मराठी मुलखात गावच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने, चुलीतील राखेने, शेणामातीने आणि पडलेल्या घरांच्या भिंतींनी गावठाणाची माती पांढुरकी होते, म्हणून तिला पांढरी म्हणावयाचे. ही माती पिकांना मानवते हे शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे उजाड पडलेल्या जुन्या गावठाणांची माती गाड्या भरून शेतात नेऊन टाकण्याची चाल महाराष्ट्रात ठिकठिकाणी होती. काळीतून जे घरात आले ते अखेर काळीला परत मिळाले, असाच त्या व्यवहाराचा अर्थ होता.

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे अशा जुन्या पांढरीचे ठळक उदाहरण आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धन नगरीच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. हे भोगवर्धन म्हणजेच केळना नदीच्या काठचे आजचे भोकरदन, असे अभ्यासक मानतात. १९७३ साली येथे झालेल्या उत्खननात सातवाहन काळातील भरभराटीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. मणी, नाणी, मातीची भांडी यांच्याबरोबर हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्तीही सापडली. इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांतून मागे उरले ते बहुतांशी खापर, मणी आणि धातू. दाणा, चारा, लाकूड, कापड, शेण हे सारे मातीत मिसळून गेले.

आज तालुक्यातील कोणत्याही गावाच्या कडेला उभे राहून पाहिले, तर घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंचे स्वरूप किती पालटले आहे हे ध्यानी येते. नालीत साचलेले साबणाचे पाणी, बाभळीला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, बांधावर पडलेल्या कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या आणि उघड्या उकिरड्यावर वाळणारे शेण हे दृश्य सर्वत्र सारखेच आहे. काळी घराला पूर्वीपेक्षा अधिक देते, मात्र घराकडून काळीला परत मिळणारा वाटा घटत चालला आहे. निसर्गाला धरून राहणे, समतोल राखणे हे शब्द आज पुष्कळ वेळा कानी पडतात. शेतकऱ्याच्या घरापुरता त्यांचा अर्थ सरळ आहे : काळीचे देणे फेडणारे घर हेच समतोल घर.

मात्र जुने ते सारे सोने, असे समजून चालणार नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या रीतीमुळे महाराष्ट्रात नारूचा रोग पसरत असे. पाणी गाळून पिण्याची शिकवण, विहिरींची सुधारणा आणि अनेक वर्षांचे परिश्रम यांमुळे तो रोग हटला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. धुराने काजळलेले स्वयंपाकघर आणि विहिरीशेजारचा उकिरडा हेही जुन्या घराचेच भाग होते. यास्तव जुन्यातील काय ठेवावयाचे आणि नव्यातील काय घ्यावयाचे, हे डोळसपणे ठरविले पाहिजे. पाच माणसे, दोन जनावरे आणि चार-पाच एकर जमीन असलेले तालुक्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणून हा जमाखर्च मांडून पाहणे उपयुक्त होईल.

छपरावरचे पाणी

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. सरासरीवर विसंबता मात्र येत नाही. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे, तर २०१२-१३ चा दुष्काळ तरुणांनीही भोगला आहे. त्या वर्षी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची गावाचा निर्वाह मात्र पुष्कळच सुखरूपपणे झाला. १९९६ पासून त्या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली होती आणि पुढे शेकडो शेततळी खोदली होती. पाऊस जेथे पडतो तेथेच त्याला अडवावे, हा कडवंचीचा धडा आहे. तो शिवाराप्रमाणे घराच्या छपरालाही लागू पडतो.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. घराचे छप्पर ५० चौरस मीटरचे असेल आणि वर्षभरात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर ३०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २४,००० लिटर हाती राहते. पाच माणसांच्या घराला पिण्यास आणि स्वयंपाकास दररोज सुमारे ४० लिटर पाणी लागते. म्हणजे ५,००० लिटरची एक टाकी पावसाळ्याच्या अखेरीस भरून, झाकून ठेवली, तर माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे चार टंचाईचे महिने तिच्यावर निघतात. टाकी भरल्यावर वाहणारे पाणी गाळणखड्ड्यातून घरच्या विहिरीकडे वा कूपनलिकेकडे वळवावे.

यात काही पथ्ये पाळावी लागतात. मृगापूर्वी छप्पर व पन्हाळी झाडून स्वच्छ कराव्यात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते टाकीत जाऊ देऊ नये. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी, उजेड आत शिरू देऊ नये, आणि पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब योग्य प्रमाणात घालूनच वापरावे. गंजलेल्या किंवा रंगाचे पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावरचे पाणी पिण्यासाठी न घेता जनावरे व परसबाग यांच्याकडे लावावे.

मोरीचे पाणी

घरात आलेले पाणी वापरून संपत नाही, ते केवळ मळते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी येते. त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे २२० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. वर्षाचे हे पाणी ८०,००० लिटरपर्यंत जाते, म्हणजे छपरावर मिळणाऱ्या पाण्याच्या तिपटीहून अधिक. इतके पाणी नालीत सोडून डास पोसावयाचे आणि उन्हाळ्यात दारची शेवग्याची झाडे मात्र वाळू द्यावयाची, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

भांडी व आंघोळीचे पाणी प्रथम जाळी बसविलेल्या लहान कुंडीत घ्यावे. खरकटे आणि तेलाचा तवंग तेथे अडतो. पुढे ते केळी, आळू, शेवगा, पपई, लिंबू अशा झाडांच्या आळ्यांना आलटून पालटून द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मुळ्यासारख्या भाज्यांना ते देऊ नये. कपडे धुण्याच्या चुऱ्यात सोड्याचे क्षार असतात. हे पाणी एकाच जागी वर्षानुवर्षे मुरले तर काळी जमीन चोपण होते. म्हणून चुरा बेताने वापरावा आणि पाणी देण्याची जागा बदलत जावी.

जेथे अंगण लहान आहे तेथे शोषखड्डा हा उत्तम मार्ग होय. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी या गावाने घरोघर असे खड्डे घेतले, गल्लीतील उघड्या नाल्या बंद केल्या आणि डासांचा उपद्रव घटविला. पुढे हीच पद्धत रोजगार हमी योजनेच्या आधाराने मराठवाड्यात पसरली. साधारणतः ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ ते ६ फूट खोल खड्डा घेऊन त्याच्या मध्यभागी बाजूंना छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी ठेवतात. टाकीच्या भोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड आणि त्यावर खडी भरतात. पाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि निवळ पाणी छिद्रांतून जमिनीत मुरते. ही कल्पना अगदीच नवी नाही. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या शोषविहिरी प्राचीन भारतातील अनेक नगरांच्या उत्खननांत आढळल्या आहेत.

भोकरदनच्या जमिनीत मात्र एक गोष्ट जपावी लागते. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी झिरपणे जवळजवळ थांबते. खड्डा काळ्या मातीतच संपला तर तो लवकरच डबक्यासारखा भरून राहतो. तो खालच्या मुरमापर्यंत नेला पाहिजे. तसेच पिण्याच्या विहिरीपासून किंवा हातपंपापासून तो किमान ५० फूट दूर असावा. शौचालयाचे पाणी त्यात कदापि सोडू नये.

चूल, शेण आणि राख

एक मोठे जनावर दिवसाला सुमारे १० किलो ओले शेण देते. दोन जनावरांचे वर्षाचे शेण ७ टनांहून अधिक भरते. त्यातील निम्म्याच्या गोवऱ्या थापल्या तर साडेतीन टन शेण चुलीत जाते. शेण जळते तेव्हा त्यातील नत्र हवेत उडून जाते. राखेत थोडे पालाश व स्फुरद उरते, परंतु जमिनीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंश पार नाहीसा होतो. पुढे तेच नत्र युरियाच्या गोणीतून विकत आणावे लागते.

ही गोष्ट सांगितली की घरातील स्त्री साहजिकच विचारते, “गोवऱ्या थापल्या नाहीत, तर चूल कशानं पेटवायची?” तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून उपदेश करणे व्यर्थ होय. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची शेगडी आली. पण टाकी पुन्हा भरून आणण्याचा खर्च परवडत नाही तेथे अंगणातील चूल अजून पेटतेच. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला जडतो आणि त्याचे भोग स्वयंपाक करणारीला व तिच्या कडेवरच्या मुलाला भोगावे लागतात.

या अडचणीवर शेणातूनच एक उपाय निघतो. शेण बंदिस्त टाकीत कुजविले की जळाऊ वायू मिळतो आणि खतही शिल्लक राहते. गुजरातेतील जशभाई पटेल यांनी या संयंत्राला सोपे रूप दिले आणि १९६० नंतरच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळील गोपुरी आश्रमात मैला व शेण यांपासून खत आणि वायू मिळविण्याचे प्रयोग चालविले. एक घनमीटर वायूला सुमारे २५ किलो शेण रोज लागते. दोन मोठी जनावरे आणि एखादे वासरू असलेल्या घराला एक घनमीटरचे संयंत्र पेलते. त्यातून सर्व स्वयंपाक झाला नाही तरी एका वेळचा खासा होतो. चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचे संयंत्र पाच माणसांच्या घराला पुरते. संयंत्रातून बाहेर येणाऱ्या मळीत नत्र टिकून राहते, आणि ती उघड्यावरच्या शेणापेक्षा अधिक गुणकारी असते. अनुदान व तांत्रिक साह्य यांबद्दल पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे चौकशी करावी. पाण्याची चणचण असलेल्या गावी मात्र विचार करूनच संयंत्र घ्यावे, कारण शेणाइतकेच पाणी त्यात रोज कालवावे लागते.

संयंत्र शक्य नसेल तेथे सुधारित चुलीत तुराट्या जाळाव्यात आणि शेण वाचवावे. पऱ्हाट्यांविषयी एक सूचना आवश्यक आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे पावसाळ्यापर्यंत रचून ठेवला तर त्यातील वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते आणि नव्या पिकावर उतरते. इंधनासाठी ठेवलेला ढीग अशा रीतीने शेताचा शत्रू सांभाळतो. पऱ्हाट्या उन्हाळ्यातच वापरून संपवाव्यात किंवा यंत्राने बारीक करून खतात घालाव्यात.

शेण थोडे आणि काडीकचरा फार, अशी स्थिती बहुतेक घरांत असते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी नेमक्या याच अडचणीवर तोड शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत देशभर पोहोचली. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधून त्याच्या भिंतींत हवेसाठी झरोके ठेवतात. त्यात सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, सुमारे १,७५० किलो चाळलेली माती आणि अवघे १०० किलो शेण पाण्यात कालवून, थरांवर थर देऊन भरतात. वरून शेणमातीने लिंपतात आणि ओल टिकवितात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. १०० किलो शेण म्हणजे आपल्या या घरातील दोन जनावरांचे अवघे पाच दिवसांचे शेण होय. मक्याची धांडे, सोयाबीनचे भूस, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील सालपटे यांना पेटवून न देता या टाक्याचा मार्ग दाखविला, तर काळीचे मोठे देणे फिटते.

परसबाग आणि घरचे बी

तालुक्याच्या शेतीत कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची यांचे प्राबल्य आहे. पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार तर दूरवर प्रसिद्ध आहे. ही सारी विकण्याची पिके होत. शेतातून पैसा येतो, परंतु ताटात पडणारी भाजी आठवडी बाजारातून विकत आणावी लागते. भाव चढले की ती ताटातून प्रथम स्त्रियांच्या वाट्याची कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. पिकविणाऱ्याच्या घरात रक्त कमी असावे, याहून मोठा असमतोल कोणता?

घरामागे अर्धा-एक गुंठा जागा असेल तर मोरीच्या पाण्यावर आणि नाडेपच्या खतावर तेथे वर्षभर भाजी निघते. कुंपणावर दोडका, कारले, भोपळा व वाल चढवावा. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि पपई लावावी. मधल्या वाफ्यांत विहिरीच्या पाण्यावर पालक, मेथी, चुका, अंबाडी पाळीपाळीने पेरावी. सर्व वाफे एकाच दिवशी न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले तर भाजीचा खंड पडत नाही. पालेभाजीसोबत लिंबाची फोड खाल्ली की तिच्यातील लोह शरीरात अधिक चांगले मुरते. शेतातही ज्वारी, बाजरी, मूग व तूर यांची घरखाण्यापुरती काही तासे राखावीत. त्यांपासून घराला दाणा मिळतो आणि जनावरांना चारा.

परसबागेत घरचे बी राखणे ही जुनी आणि मोलाची रीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान भाज्या व धान्यांचे बियाणे जमविले, वाढविले आणि शेजारणींना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम सुरू झाले ते घराच्या परसातूनच. निरोगी वेलीवरचे पहिले-दुसरे चांगले फळ पूर्ण पिकू द्यावे, बी सावलीत वाळवावे, राख लावून मडक्यात ठेवावे आणि वर नाव व साल लिहावे. संकरित वाणाचे बी मात्र राखून उपयोग नाही, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात.

घरात शिरलेले विष

मिरचीवर फुलकिडे व कोळी पडले की पाने वळतात आणि बोकड्याच्या धास्तीने शेतकरी आठवड्याआड फवारणी करतो. कापसाचीही तीच कथा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती घटना साऱ्या राज्याने पाहिली. शेतात फवारलेले औषध अंगावरच्या कपड्यांतून, हातांतून आणि रिकाम्या डब्यांतून घरात येते, हे त्या वेळी पुरेसे बोलले गेले नाही.

यास्तव घरापुरते नियम कडकपणे पाळावेत. औषधाची बाटली माजघरात, धान्याजवळ किंवा देवळीत ठेवू नये. कुलपाची स्वतंत्र पेटी करून मुलांच्या हाती न लागेल अशा जागी ती ठेवावी. फवारणीचे कपडे दारात उतरवून वेगळ्या पाण्यात धुवावेत आणि ते पाणी परसबागेत सोडू नये. रिकाम्या डब्यात तेल, पाणी वा बी भरू नये. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे, नंतर त्याला छिद्रे पाडून निकामी करावे. विषबाधेची शंका येताच रोग्याला दवाखान्यात न्यावे आणि औषधाची बाटली वा चिठ्ठी सोबत न्यावी. त्यावरूनच डॉक्टरांना योग्य उपचार ठरविता येतो.

परसबागेत आणि मिरचीच्या आरंभीच्या काळात निंबोळी अर्काचा आधार घेता येतो. मृगाच्या सुमारास कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, बी सावलीत वाळवावे. ५ किलो बियांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळावी. तीत २०० ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून एकंदर १०० लिटर द्रावण करावे आणि त्याच दिवशी सायंकाळी फवारावे. उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो. निंबोळी अर्क किडीला तत्काळ मारीत नाही. किडीची खाण्याची वासना व वाढ तो रोखतो. म्हणून कीड थोडी असतानाच तो वापरला पाहिजे. कीड अनावर झाल्यावर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे चुकीचे ठरेल.

जे मातीत मिसळत नाही

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एकदा वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. तरीही घरात येणारे प्लॅस्टिक सर्वस्वी थांबलेले नाही, आणि मिरचीच्या गादीवाफ्यांवरील आच्छादनाच्या कागदाने त्यात शेतातल्या प्लॅस्टिकची भर घातली आहे. हा कागद पाणी व खुरपणी वाचवितो हे खरे. पण हंगामानंतर तो तुकडे होऊन नांगरला गेला तर काळीत वर्षानुवर्षे राहतो. चाऱ्याबरोबर जनावरांच्या पोटात गेला तर त्यांच्या जिवावर बेततो. तो चुलीत पेटविल्यास विषारी धूर स्वयंपाकघरात पसरतो. कागद फाटण्यापूर्वी सबंध गुंडाळून काढावा, ठिबकच्या जुन्या नळ्यांसह एका पोत्यात साठवावा आणि भंगार घेणाऱ्याकडे द्यावा. बाजाराला जाताना कापडी पिशवी नेणे ही गोष्ट लहान दिसते, परंतु मातीत न मिसळणारी वस्तू घरात न आणणे हाच तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

वर सांगितलेल्या कामांची यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट लक्षात येईल. टाकी झाकणे, मोरीच्या पाण्याची दिशा बदलणे, शेण कालविणे, भाजी निंदणे, बी वाळविणे ही सारी कामे रिवाजाप्रमाणे घरातील स्त्रीकडे जातात. आधीच पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीच्या माथी आणखी पाच कामे लादून घर निसर्गाला धरून चालले असे म्हणणे, ही घराची आत्मवंचना होईल. ज्या घरात पुरुष माणसे शेण कालवितात, मुले आळ्यांना पाणी वळवितात आणि नाडेपचे टाके सर्वांनी मिळून भरले जाते, तेथेच हे उपक्रम दुसऱ्या वर्षापर्यंत टिकतात. एकीवर सोपविलेले काम तिच्या पहिल्या आजारपणात बंद पडते.

त्याचप्रमाणे सर्व गोष्टी एकदम आरंभू नयेत. पहिल्या वर्षी खर्च नसलेल्या गोष्टी घ्याव्यात : मोरीचे पाणी झाडांना वळविणे, औषधांची पेटी वेगळी करणे, बी राखणे आणि कचरा जाळणे थांबविणे. दुसऱ्या वर्षी नाडेपचे टाके व शोषखड्डा करावा. छपराच्या पाण्याची टाकी आणि गोबर गॅस यांना पैसा लागतो. त्यांचा विचार चांगल्या हंगामानंतर करावा.

पाडव्याचा हिशेब

मराठवाड्यात गुढीपाडव्याला सालगड्याचा हिशेब होतो. वर्षात किती दिले, किती उचल झाली, किती देणे राहिले हे त्या दिवशी मांडले जाते आणि मगच नवे साल ठरते. काळी हीदेखील घराची सालभर राबणारी सोबतीण आहे. तिचाही हिशेब त्याच दिवशी मांडण्याची रीत प्रत्येक घराने पाडावी. छपरावरचे किती पाणी साठविले, मोरीचे किती पाणी झाडांना गेले, किती शेण चुलीत आणि किती शेतात गेले, घरचे बी कोणत्या किती भाज्यांचे राखले, आणि मातीत न मिसळणारे किती पोते घरातून निघाले, या पाच प्रश्नांची उत्तरे वहीच्या एका पानावर मावतात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून ती लिहून घ्यावीत. पुढच्या पाडव्याला तेच पान उघडले म्हणजे घर कोणत्या दिशेने चालले आहे हे दिसून येईल.

भोगवर्धनच्या माणसांनी त्यांची पांढरी मातीच्या हाती सोपविली आणि ती माती पुढे काळीच्या उपयोगी पडण्याजोगी राहिली. आजच्या भोकरदनकरांची पांढरीही तशीच राहावी, यासाठी करावयाचे ते मोठे नाही. मात्र ते रोज करावे लागते, आणि येत्या मृगापूर्वी पन्हाळी झाडण्यापासून त्याचा आरंभ करता येतो.